अय्युबभाईंचे पालथे कागद

अय्युबभाईंनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं : "आधी हात पुसा."

मी भांडायला गेलो होतो. माहिती अधिकारात औषधखरेदीचे कागद मागितले होते, ते प्रत्यक्ष बघायची परवानगी हातात होती, आणि पेठेतल्या त्या सरकारी इस्पितळाच्या तळघरात बसलेला माणूस मला टोलवणार याची इतकी खात्री होती की मी जिन्यावरच आवाज चढवून ठेवला. इस्पितळाचं नाव इथे घालत नाही. घातलं तर खुलासे सुरू होतील आणि माणूस बाजूला राहील. तर खाली लोखंडी मांडणीपाशी एक किडकिडीत माणूस उभा. पिकलेली दाढी, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल. त्यानं माझं पत्र वाचलं नाही, बोटांकडे बघितलं. तेव्हा मी बुधवार पेठेत रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचो; बोटं कायम काळी. त्यानं ओलं फडकं पुढे केलं.

"आधी हात पुसा. मग हवं तेवढं ओरडा. कागदाला आवाजानं काही होत नाही, हातानं होतं."

मी हात पुसले. याला आता अकरा वर्षं झाली. या शहरात ज्यांच्याशी माझं भांडण झालं नाही अशी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं पहिलं बोट अय्युबभाईंचं.

अय्युब इस्माईल शेख, राहणार मोमीनपुरा. हुद्दा रेकॉर्ड अटेंडंट, म्हणजे शिपाईच. वरच्या कारकुनाची जागा नऊ वर्षं रिकामी. त्यामुळे पगार शिपायाचा, सही कारकुनाची आणि काम दोघांचं. सरकारला असा माणूस सापडला की सरकार ती जागा भरत नाही, हे मी फुकट सांगतो, अर्ज करायची गरज नाही.

त्यांचे वडील बाइंडर होते. रविवार पेठेत जिन्याखाली दुकान, जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांचा डोंगर, घरभर खळीचा वास. पुढे धंदा बसला आणि अय्युबभाई इस्पितळात लागले. वडिलांचं दाभण मात्र बरोबर घेऊन आले. तेव्हा केसपेपर सुतळीत ओवून खिळ्याला टांगलेले असायचे. अय्युबभाईंनी ते उतरवले आणि एकेका पेशंटचे कागद डाव्या कडेनं शिवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. शिवलेल्या अशा पन्नास-साठ वह्या लाल कापडात बांधायच्या. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पुण्यातल्या जुन्या दप्तरांत हाच शब्द चालत आलाय. तेहतीस वर्षांत असे किती रुमाल बांधले विचारलं तर ते म्हणायचे, "मोजले नाहीत. मागितला आणि मिळाला नाही, असा एकही नाही, एवढं मोजलंय."

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

अय्युबभाई कागद पालथे ठेवायचे. बाइंडरच्या घरची सवय. वडील सांगायचे, पुस्तक पालथं ठेव, तोंड खराब होत नाही. त्यामुळे रुमाल सोडला की पेशंटच्या शेवटच्या कागदाची पाठ वर यायची, आणि पाठ कोरी असायची. केसपेपरच्या पुढच्या बाजूला तशीही जागा नसे. तिथे शिक्के, रक्त-लघवीच्या तपासणीच्या चिठ्ठ्या गोंदानं डकवलेल्या, एकावर एक. मग कधीतरी एका म्हाताऱ्या भूलतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला आधी ही पाठच दिसते. त्यांनी तिथे लाल शाईनं लिहिलं, 'पेनिसिलिन चालत नाही.' त्यांचं बघून दुसऱ्यांनी लिहिलं. पाच-सात वर्षांत इस्पितळाची रीतच पडली. जीव वाचवणारी जी गोष्ट, ती पाठीवर, लाल शाईत. नवा डॉक्टर आला की जुना त्याला सांगायचा, इथे कागद उलटा करून बघायचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. अशा गोष्टी नियमात नसतातच.

गेल्या वर्षी आरोग्य खात्याचा संगणकीकरणाचा प्रकल्प आमच्या पेठेत पोचला. चौदा कोटी रुपये, सात इस्पितळं, आणि दारात फ्लेक्स : 'आता एका क्लिकवर तुमचं आरोग्य.' मी प्रकल्पाच्या विरोधात नव्हतो. लोकांना वाटतं मी सगळ्याच्या विरोधात असतो. चूक. माझं आयुष्य तारा आणि सर्किटांत गेलंय, यंत्राचं मला वावडं नाही. एका पेशंटचा कागद ससूनला गेला तर तिथे दिसावा, यात वाईट काय? फक्त चौदा कोटी कशावर खर्च होतात ते मला बघायचं होतं. निविदेची प्रत मागितली. एकशे ब्याण्णव पानं, दोन रुपये पान. ती मात्र दोन्ही बाजूंनी छापलेली होती आणि पैसे दोन्ही बाजूंचे लावले होते.

मी ती वाचली. पान एकशे अठरावर ओळ होती : 'एक कागद म्हणजे एक प्रतिमा.' मी वाचली आणि पुढे गेलो. हे मी कबूल करून टाकतो. मला दर बघायचे होते, संगणकाच्या किमती बघायच्या होत्या. ही ओळ मला साधी वाटली.

कंपनीकडून केदार नावाचा मुलगा आला. विश्रांतवाडीला राहणारा, गळ्यात ओळखपत्र, स्वभावानं गरीब. त्यानं तळघरात स्कॅनर मांडले आणि सांगितलं, "काका, शिवण काढावी लागेल. मशीनला लूज शीट्स लागतात."

"काढा ना," अय्युबभाई म्हणाले. "दोरा मी उसवून देतो."

"तेवढा टाइम नाहीये काका. कटर आहे आपल्याकडे."

कटरनं एका झटक्यात दोनशे कागदांची डावी कड उडते. पहिल्या दिवशी मी तिथे होतो. अय्युबभाई कटरकडे पाठ करून उभे राहिले आणि मांडणीवरची धूळ पुसत बसले, जिथे धूळ नव्हती तिथलीसुद्धा. संध्याकाळी जमिनीवर दोऱ्याचे तुकडे पडले होते ते त्यांनी गोळा केले, एका पाकिटात घातले, आणि मग स्वतःलाच हसून पाकीट कचऱ्यात टाकलं.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"शिवली होती ती कागद टिकावेत म्हणून. ते संगणकाच्या आत टिकणार असतील तर शिवणीचं काय," ते म्हणाले. "आपण अडून बसायचं नाही, समाधानभाऊ. आपण म्हातारे झालो म्हणून काळ थांबत नाही."

महिनाभरात पहिला लॉट झाला. एक्केचाळीस हजार कागद, एक्केचाळीस हजार प्रतिमा. केदारनं प्रमाणपत्र पुढे केलं : सर्व अभिलेख पडताळले, प्रतिमांशी जुळतात, मूळ कागद नष्ट करण्यास हरकत नाही. अय्युबभाईंनी दोन दिवस बसून कागद मोजले, खरोखर मोजले, आणि सही केली. कागद पोत्यांत भरून मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवले. शनिवारी टेंपो येऊन लगद्याच्या कारखान्यात नेणार होता.

गुरुवारी नंदाताई भरती झाल्या.

नंदाताई मंडईत लिंबू-कोथिंबिरीचा वाटा लावतात. पित्ताशयाचं ऑपरेशन. हिरवा गाऊन घालून बसल्या होत्या. भूल देणारी डॉक्टर नवी, वर्षाभरापूर्वी आलेली, हुशार पोरगी. तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. आधी ऑपरेशन झालंय का?

"झालंय की. हितंच. पोराच्या टायमाला," नंदाताई म्हणाल्या. "तवा मी उठतच नव्हते म्हणं. लई येळ. डॉक्टरीणबाई म्हनल्या, परत कुठं सुई घेशील तर हे सांग. काय तरी नाव सांगितलं हुतं, मला काय ऱ्हातंय ध्यानात? म्हनल्या, कागदावर लिवलंय."

डॉक्टरनं पडद्यावर बघितलं. नंदाताईंचा कागद होता. दोन हजार नऊ सालचा, स्वच्छ, अक्षरन् अक्षर दिसत होतं. सिझेरियन, मुलगा, बाळ-बाळंतीण सुखरूप. बाकी काही नाही.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बाईला भास झाला असेल. ही म्हणाली नाही. तिनं तळघरात फोन केला : "अय्युबकाका, मूळ कागद आहे का?"

अय्युबभाई अंगणात गेले. पोती उलटी केली. शिवण नव्हती, त्यामुळे एका पेशंटचे कागद दहा ठिकाणी. पत्र्याखाली उकिडवं बसून त्यांनी दीड तास शोधलं. कागद सापडला. त्यांनी तो उलटा केला. पाठीवर लाल शाईत चार ओळी होत्या : भुलीच्या अमुक इंजेक्शननंतर श्वास परत यायला दोन तास लागले, पुन्हा देऊ नये, खाली सही.

त्यांनी तो वर नेऊन दिला. डॉक्टरनं वाचला, आणि त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवशी दुसरं इंजेक्शन देऊन नंदाताईंचं ऑपरेशन झालं. त्या आज मंडईत आहेत आणि कोथिंबिरीच्या भावावरून लोकांना टोमणे मारतायत.

पण गुरुवारी दुपारी अय्युबभाई परत अंगणात येऊन बसले ते उठलेच नाहीत. त्यांनी एका पोत्यातले शंभर कागद घेतले आणि एकेक उलटा केला. अडतीस कागदांच्या पाठीवर काही ना काही होतं. दुसऱ्या पोत्यातले शंभर. एकतीस. मला फोन आला तेव्हा आवाज ओळखू येईना.

"समाधानभाऊ, मी पाठी बघितल्याच नाहीत हो."

मी धावत गेलो, आणि गेल्या गेल्या केदारचा गळा धरला. म्हणजे शब्दानं. तो बिचारा पोत्यापाशी उभा होता, कागद उलटेसुलटे करत. "सर, आमच्या स्पेकमध्ये बॅकसाइड नाहीचये," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सॅम्पल म्हणून आम्हाला जे फॉर्म दिले ते नवे होते. सगळे पाठकोरे. मला कसं कळणार?"

मग मला पान एकशे अठरा आठवलं. माझा आवाज तिथेच बसला. ती ओळ मी वाचली होती.

आम्ही वर गेलो. अधीक्षक डॉ. अस्मिता यांनी ऐकून घेतलं. त्या वाईट बाई नाहीत, हे मी सहसा कुणाबद्दल लिहीत नाही. त्यांनी संगणक आमच्याकडे वळवला. प्रमाणपत्र मुंबईला गेलेलं, नष्ट करण्याचा आदेश निघालेला.

"मी थांबवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "यात एकच रस्ता आहे. ज्यानं पडताळणीची सही केली त्यानं लेखी द्यायचं की प्रमाणपत्र चुकीचं आहे. ते आलं की आदेश आपोआप स्थगित होतो. पण अय्युबभाई, मग तुमच्यावर चौकशी लागेल. चुकीचं प्रमाणपत्र दिलं म्हणून. तुमचे किती दिवस राहिलेत?"

"बावीस."

"विचार करा. शनिवारी सकाळपर्यंत वेळ आहे. एवढंच सांगते."

शुक्रवारी संध्याकाळी मी मोमीनपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, वर पत्रा, खाली फरशी इतकी पुसलेली की चपला काढायला सांगावं लागत नाही. रझियाभाभी तांदूळ निवडत होत्या. अय्युबभाई भिंतीला टेकून बसले होते, समोर एक वही. सर्व्हिस बुकाची झेरॉक्स. निवृत्तीच्या कागदांसाठी काढलेली.

मी तावात होतो. मी त्यांना सांगितलं, उद्या टेंपोपुढे आडवं पडू. पत्रकार बोलावू. चौदा कोटींची निविदा फाडून दारात टाकू. कंपनीचं नाव, मुंबईतल्या सचिवाचं नाव, एकेकाचं नाव घेऊ. मी घरून तीन पानी निवेदन लिहून आणलं होतं. सुरुवात होती, 'मदांध प्रशासनाच्या डोळ्यांवरची झापडं...'

"समाधानभाई," रझियाभाभी तांदळावरची नजर न काढता म्हणाल्या, "आडवे तुम्ही पडाल. घरी जाऊन झोपाल. चौकशीला कोण उभं राहणार?"

"भाभी, मी आहे ना पाठीशी."

"पाठीशी सगळेच असतात. पुढे एकटा माणूस असतो." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "तेहतीस वर्षं हा माणूस डब्यात चटणी-भाकरी नेतो आणि वेळेच्या आधी दहा मिनिटं पोचतो. बाळंतपणात मी तिथेच होते, तरी ड्यूटी संपल्याशिवाय वर आला नाही. का? तर त्या वहीत लाल रेघ नको. आता बावीस दिवसांसाठी तुम्ही त्याला सांगताय, जा, स्वतःच्या हातानं मार."

मला गप्प बसवणाऱ्या माणसांची यादी छोटी आहे, त्यात भाभी दुसऱ्या.

अय्युबभाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. मी पानं उलटली. नेमणूक, वेतनवाढ, वेतनवाढ, रजा, वेतनवाढ. शेरा रकाना सगळीकडे कोरा. सरकारी नोकरीत कोरा शेरा म्हणजे काय, ते नोकरी न केलेल्याला सांगून कळत नाही. मला त्या दिवशी कळलं.

"रझियाला सांगितलं नाही मी सगळं," ते हळू म्हणाले. "चूक सहीची नाही. सही तर नंतरची. मी कागद पालथे ठेवले म्हणून डॉक्टर पाठीवर लिहायला लागले. जगात कुठेही असं नसतं. केदारच्या माणसांना कसं सुचणार? सवय मी लावली, आणि मोजताना मीच विसरलो. मी नुसते कागद मोजले. नोटा मोजतात तसे."

"तुमच्या सवयीनं माणसं वाचली, अय्युबभाई."

"म्हणूनच."

गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"नंदाताईंना आठवलं," अय्युबभाई म्हणाले. "अर्धंमुर्धं का होईना, आठवलं. त्या पोत्यात लहान पोरं आहेत, जी आता मोठी झालीत. त्यांना कुठे ठाऊक त्यांना काय चालत नाही? ज्यांचे आईबाप गेले त्यांना कोण सांगणार? त्या लाल ओळीशिवाय त्यांचं कुणी नाही."

रझियाभाभींनी सूप पुन्हा उचललं. दोन-तीन खडे वेचले. मग म्हणाल्या, "पेन चालतंय का बघा आधी. परवा गॅसच्या चिठ्ठीला चालत नव्हतं."

एवढंच. परवानगी द्यायची ही त्यांची पद्धत.

अय्युबभाईंनी माझं निवेदन वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून परत दिलं. मग कोरा कागद घेतला आणि लिहिलं :

'मा. अधीक्षक, मी पहिल्या लॉटचं जे प्रमाणपत्र दिलं ते चुकीचं आहे. मी कागद मोजले, त्यांच्या पाठी पाहिल्या नाहीत. पाठीवर रुग्णांच्या जिवाच्या नोंदी आहेत. प्रमाणपत्र मागे घेत आहे. कागद नेऊ नयेत. अ. इ. शेख.'

"एवढंच?" मी म्हणालो. "कंपनीचं नाव कुठाय? निविदेचं? पान एकशे अठरा?"

"ते तुमचं आहे, तुम्ही लिहा. मी माझं लिहिलं."

शनिवारी सकाळी टेंपो वेळेवर आला. सरकारात वेळेवर येणारी तेवढी एकच गोष्ट असावी. हमालांनी चार पोती चढवलीसुद्धा होती. अय्युबभाई वर गेले, अर्ज दिला, पोच घेतली, पोचेवरचा शिक्का नीट उमटलाय का बघितला, खाली आले आणि ड्रायव्हरला नमस्कार करून म्हणाले, "पोती उतरवून द्या. तुमची खेप फुकट गेली, माफ करा." ड्रायव्हरनं आईबहिणीवरून सुरुवात केली. मी पुढे झालो. अय्युबभाईंनी मला हातानं मागे सारलं आणि पहिलं पोतं स्वतः खांद्यावर घेतलं. साठीचा माणूस. मग ड्रायव्हरच शिव्या देत देत उतरला आणि उरलेली तीन त्यानं उतरवली. केदारही आला. त्यानं बाह्या वर केल्या आणि पोती परत पत्र्याखाली लावायला लागला.

माझं जे होतं ते मी लिहिलं. तीन पानांचं सात पानी झालं. मुंबईला हेलपाटे झाले. शेवटी खात्यानं मान्य केलं की पाठीसुद्धा स्कॅन व्हायला हव्यात, आणि त्यासाठी पुरवणी निविदा काढली. काम त्याच कंपनीला. दर जास्त, कारण 'सुटे कागद हाताळण्याचा अतिरिक्त खर्च'. ते सुटे कुणी केले हे मी विचारलंय. उत्तर यायचंय. अर्थात उत्तर येवो न येवो, पाठी आत चालल्यात. पडद्यावर आता पेशंटचं नाव काढलं की आधी लाल शाई दिसते. हे मीच जाऊन बघितलंय.

चौकशी निवृत्तीच्या तीन दिवस आधी लागली. मला आत जाऊ दिलं नाही. बाहेरच्या बाकावर मी अर्धा तास बसलो, आत काय चाललं असेल याचा विचार करून स्वतःच्याच गुडघ्यावर बुक्क्या मारत. मी अय्युबभाईंना सगळं पढवलं होतं. म्हणा, निविदेतच दोष होता. म्हणा, कारकुनाची जागा रिकामी, मला सहीचा अधिकारच नव्हता. हा शेवटचा मुद्दा तर हुकमी होता. कायद्यानं ती सहीच बाद ठरत होती.

ते बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाले?"

"ताकीद. सर्व्हिस बुकात नोंद."

"तुम्ही सहीच्या अधिकाराचं बोललात?"

"नाही."

"का?"

"अधिकार नव्हता तर नऊ वर्षं ज्या सह्या केल्या त्यांचं काय? लोकांचे दाखले गेलेत माझ्या सहीवर. ते सगळे बाद करू?"

मी उभा राहिलो. मला इतका राग आला होता की कुणावर काढू ते कळेना. मी म्हणालो, अपील करतो. तीस दिवसांची मुदत आहे. ही नोंद मी काढून दाखवतो, नाहीतर नाव बदलेन. कुठला न्याय आहे हा? ज्या माणसानं लोकांचे जीव वाचवले, त्याच्या वहीत लाल शेरा, आणि ज्यांनी चौदा कोटींत कागदाची एकच बाजू मोजली त्यांना वाढीव दर?

अय्युबभाई बाकावर बसले. मलाही बसवलं.

"नोंदीत काय लिहिलंय ऐका," ते म्हणाले. "'न पडताळता प्रमाणपत्र दिले, नंतर स्वतः निदर्शनास आणून दिले.' यात खोटं काय आहे?"

"प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही, अय्युबभाई."

"मग कशाचा? तेहतीस वर्षांत मोठमोठे लोक आले तळघरात. अमक्याच्या कागदावरून दारूचा उल्लेख काढा, तमक्याच्या सुनेच्या कागदावरून भाजल्याचं काढा. मी एक अक्षर कुणाला खोडू दिलं नाही. आता माझं नाव आलंय, तर तुम्ही म्हणता खोडू या."

माझ्याकडे कलमं होती, निकाल होते, तीन खंडपीठांचे दाखले होते. त्यातलं एकही इथे लागू नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाचं कुणी काढलं नाही. चौकशी झालेल्या माणसाला हार कोण घालणार. पण दुपारी वरच्या मजल्यावरून ती भूलतज्ज्ञ पोरगी तळघरात आली, मागोमाग दोन नर्सबाई, मग डॉ. अस्मिता. हार नव्हता. एकेकीनं येऊन आपापल्या वॉर्डातलं काहीतरी विचारलं, हे कुठे ठेवता, ते कसं शोधता, आणि अय्युबभाई प्रत्येकीला मांडणीपाशी नेऊन दाखवत राहिले. पाच वाजून गेले तरी दाखवत होते. मी जिन्यावर बसून होतो.

अपील मी लिहिलं होतंच. नऊ पानं. मुदत संपायच्या दिवशी ते खिशात घालून मी घरून निघालो, आणि दिवसभर अपील घेतात त्या कचेरीवरून तीनदा गेलो. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"समाधानभाऊ, आज तीस दिवस झाले. दिलं नाहीत ना?"

"नाही दिलं," मी म्हणालो. जरा रागातच म्हणालो.